पागडीची खोली: भाडेकरू कोण, मालक कोण आणि जिना कोणाचा?

गिरगावकर_हल्ली_डोंबिवली

मागच्या रविवारी बाबांकडे गेलो होतो. आमच्या चाळीचा जिना लाकडी. दुसरा मजला यायच्या आधीची तिसरी पायरी दोन वर्षांपासून निखळलेली आहे. कोणीतरी तिच्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकलाय. चाळीतली पोरंटोरं खाली न बघता ती ओलांडतात, पाहुणा मात्र हमखास अडखळतो. मी अडखळलो, म्हणजे मी आता पाहुण्यांत जमा.

बाबांना म्हटलं, वर्गणी काढा आणि पायरी बसवून घ्या, सुतार घेऊन घेऊन किती घेईल? बाबा म्हणाले, "आपण का म्हणून? जिना मालकाचा." मालकाचं उत्तर मला पाठ आहे: महिन्याला २१२ रुपये भाडं देता आणि जिना मागता? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि पायरी आहे तिथेच.

सध्या जिकडेतिकडे घरांच्या किमतींवर चर्चा चालते. अर्थशास्त्र शिकलेली मंडळी सांगतात की भाडेनियंत्रणाने मुंबईचं वाटोळं केलं. चाळीतली मंडळी सांगतात की तो कायदा नसता तर गिरणगाव-गिरगावात मराठी माणूस औषधालाही उरला नसता. मी दोन्ही बाजू ऐकून कंटाळलोय. मला समजलंय तेवढं लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. पुढे महागाई कुठल्या कुठे गेली, भाडं तिथेच. मग भाड्याने वसूल होत नाही ते जागा देतानाच एकरकमी घ्यायची रीत पडली, तीच पागडी. ती बेकायदा होती आणि सगळे घेत-देत होते. मालक जिन्याला हात लावेना, म्हणून १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. १९७७ मध्ये म्हाडा आली आणि ते काम तिच्याकडे गेलं. १९६९ मध्ये हा उपकर भरणाऱ्या, म्हणजे उपकरप्राप्त, इमारती १९,६४२ होत्या. आजही १३ हजारांच्या आसपास उभ्या आहेत, काही नुसत्या टेकूंवर. शेवटी १९९९ चा नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीही कायदेशीर करून टाकली.

म्हणजे आमची खोली १८० चौरस फूट. बाबांनी त्या काळी पागडी भरलेली. विकायची झाली तर बाजारात लाखांनी किंमत येईल, पण त्यातला तिसरा हिस्सा मालक घेणार. सातबारा म्हणा, प्रॉपर्टी कार्ड म्हणा, त्यावर आमचं नाव नाही. पावतीवर आहे.

माझं म्हणणं एवढंच: ज्याच्या नावावर जागा त्याला उत्पन्न नाही, आणि ज्याच्याकडे वहिवाट त्याला मालकी नाही. अशा घराचा जिना कोण दुरुस्त करणार? स्वस्त की महाग हा पुढचा प्रश्न झाला. जाणकारांनी लिहावं.

---

बाकडेकर

आमच्याकडे पायरीऐवजी गॅलरीचा कठडा आहे. बाकी सगळं सेम टू सेम. धागा वाचनखुणेत टाकला.

---

चौथीपिढी

मी मालक. म्हणजे पणजोबांनी चाळ बांधली आणि आता कागदोपत्री आम्ही अकरा वारस आहोत. इथे मालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धोतर, टोपी आणि तिजोरी येते. मी बोरिवलीला दोन खोल्यांत राहते आणि शाळेत शिकवते.

आमचे २२ भाडेकरू. सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं सहा हजारांच्या आत. तळमजल्यावर कपड्यांचं दुकान आहे. ते महिन्याला जे भाडं देतं, त्यात त्याच दुकानातला एक शर्टही येत नाही. जिन्यातला दिवा, टाकी साफ करणं, पाण्याचा पंप हे सगळं त्याच पैशांतून. मेहताजी वारले तेव्हापासून पावत्या मीच फाडते.

आणि "गरीब भाडेकरू" हा शब्द जरा जपून वापरा. हाच कायदा मरीन ड्राइव्हच्या समुद्रासमोरच्या ब्लॉकलाही लागू आहे. १९९९ मध्ये बँका, सरकारी महामंडळं, परदेशी कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचं संरक्षण काढलं. पण माणसाचं उत्पन्न कोणी विचारलं नाही. आमच्याकडचा एक भाडेकरू कुटुंबासह बंगलोरला असतो. खोलीला कुलूप आहे आणि दर महिन्याला ऑनलाइन भाडं येतं, वेळेवर, अगदी एक तारखेला.

सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये म्हटलं होतं की प्रमाणित भाड्याच्या, म्हणजे १९४० ला भाडं बांधणाऱ्या, जुन्या कायद्यातल्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. कायद्याची मुदतच संपत आली होती म्हणून त्या रद्द केल्या नाहीत, इतकंच.

---

गिरगावकर_हल्ली_डोंबिवली

@चौथीपिढी, मनापासून लिहिलंत, आभार. पण एक विचारतो, रागावू नका. पणजोबांनी किंवा आजोबांनी प्रत्येक खोलीची पागडी घेतली असेल ना? ती त्या काळात थोडी नव्हती. आणि खोली हातबदल झाली की तिसरा हिस्साही येतो. मग फक्त भाड्याचा आकडा सांगून हिशेब पुरा कसा होईल?

---

चौथीपिढी

घेतली. १९६१-६२ च्या सुमारास आजोबांनी बऱ्याच खोल्यांची घेतली. बाबांचं इंजिनिअरिंग आणि आत्याचं लग्न त्यात झालं. नाकारत नाही. हस्तांतरणाचा हिस्सा गेल्या दहा वर्षांत दोनदा आला, तो अकरा जणांत वाटला. पण आजोबांनी खाल्लेल्या जेवणाची भांडी मी किती वर्षं घासायची?

आणि दुसरी बाजू पण बघा. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये प्रकरण आठ-अ घातलं. त्यानुसार ७० टक्के भाडेकरूंनी मागणी केली तर इमारत मालकाकडून काढून भाडेकरूंच्या सोसायटीला द्यायची आणि मालकाला मोबदला म्हणून मासिक भाड्याच्या १०० पट रक्कम. माझा हिशेब करा: सहा लाखांच्या आत. गिरगावातल्या जमिनीसकट. मालकांची संघटना कोर्टात गेली आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता काही "समाजाची भौतिक साधनसंपत्ती", म्हणजे सरकारने सगळ्यांच्या भल्यासाठी वाटायची वस्तू, ठरत नाही. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. पेढे खाल्ले, चाळ तिथेच आहे.

---

श्प्रेकाठ

बर्लिनहून लिहितोय. हा खेळ इथे मी अगदी जवळून पाहिला, आणि तो सव्वा वर्षात आटोपला.

फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिन राज्याने २०१४ पूर्वी बांधलेल्या घरांची भाडी जून २०१९ च्या पातळीवर गोठवली. माझं भाडं कमी झालं आणि मी खूश. पण त्याच सुमारास घर शोधायला आलेल्या मित्राबरोबर एक घर बघायला गेलो, तर रांग जिन्यातून फुटपाथपर्यंत आली होती. नवीन करारांत दोन-दोन भाडी लिहायला लागले: एक कायद्याचं, दुसरं कायदा कोर्टात पडलाच तर लागू होणारं. इथे त्याला "सावलीभाडं" म्हणायचे. पागडीचाच मावसभाऊ! १५ एप्रिल २०२१ ला घटना न्यायालयाने कायदा रद्द केला, कारण राज्याला तो करायचा अधिकारच नव्हता. आणि वाचलेला फरक परत भरायची वेळ लोकांवर आली.

सॅन फ्रान्सिस्कोबद्दलचा अभ्यास बऱ्याच जणांनी वाचला असेल. तिथे १९९४ मध्ये छोट्या जुन्या इमारती भाडेनियंत्रणात आणल्या. स्टॅनफर्डच्या तिघांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला: अशा इमारतींच्या मालकांनी भाड्याच्या जागा १५ टक्क्यांनी कमी केल्या आणि शहरभरातलं भाडं ५.१ टक्के वाढलं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की जे भाडेकरू आत होते ते आपल्या घरात, आपल्या शहरात टिकले. हा अर्धा भाग सांगायला लोक सोयीस्कर विसरतात.

---

अकरामहिने

सगळं वाचलं. मालक झाले, भाडेकरू झाले, बर्लिन झालं. माझ्यासारख्यांचं काय?

मी नाशिकची. सहा वर्षांत मुंबईत पाच घरं बदलली. सध्या गोरेगावला वन बीएचकेला ४२ हजार देते, शिवाय डिपॉझिट. दर अकरा महिन्यांनी नवा लिव्ह अँड लायसन्स करार, दलालाला एक महिन्याचं भाडं, पोलिस व्हेरिफिकेशन. तेच प्रश्न पुन्हा: लग्न झालंय का, मटण खाता का, मित्र येतात का. मागच्या घरमालकीणबाईंनी तर आधी फोनवर आडनाव विचारलं आणि मगच जागा दाखवली.

तुमच्या भांडणात दोन्ही बाजूंना आजोबा आहेत. माझे आजोबा निफाडला द्राक्षं लावत होते, त्यांनी इथे पागडीही भरली नाही आणि चाळही बांधली नाही. २१२ रुपये आणि ४२ हजार यांच्यामधला फरक शेवटी कोणीतरी भरतोच ना? तो मी भरते. मला राग तुमचा नाही, पण गिरगावातल्या कुलूपबंद खोलीवर इथे चर्चा चालू आहे आणि मी रोज दोन तास लोकलमध्ये उभी असते.

---

ठाकुरद्वारचे_आजोबा

@अकरामहिने, मुली, तुझे अकरा महिने कुठून आले ते सांगतो. मी तेव्हा मंत्रालयात कारकून होतो, त्यामुळे ऐकीव नाही.

भाडेकरू ठेवला की तो निघत नाही, म्हणून लोक जागा "लायसन्स"वर द्यायला लागले. म्हणजे भाडेकरू नव्हे, नुसती वापरायची परवानगी. मग सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवाले ताब्यात होते, ते सगळे एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. ज्यांना घर मिळालं त्यांनी सत्यनारायण घातला. आमच्या मेव्हण्यांचा दादरला ब्लॉक होता. ते त्या वेळी भाड्याने देणारच होते, बोलणी झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं कुलूप आणलं, पितळी, आणि तो ब्लॉक त्यानंतर १९ वर्षं कोणाला दिला नाही. मोलकरीण महिन्यातून एकदा झाडून जायची. मेव्हण्यांना पैशांची गरज नव्हती असं नाही. नोकरीतून निवृत्त होऊन पेन्शनीत भागवत होते.

आता नव्या कायद्यात लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवायची सोय आहे, मुदतीनंतर राहिला तर दुप्पट भाडं आहे, करार नोंदवणं सक्तीचं आहे. पण १९७३ चं भय माणसांच्या मनात बसलं ते बसलंच. माझा मुलगाही भाडेकरूला तिसऱ्यांदा करार वाढवून देत नाही. का, विचारलं तर म्हणतो, "उगाच कशाला." कायदा बदलला, हे "उगाच कशाला" बदलत नाही.

---

बाकडेकर

आजोबा, _/\_

---

चटईक्षेत्र

मी पुनर्विकासाच्या कामात आहे, आर्किटेक्टच्या बाजूने. बिल्डरचा माणूस नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कोणी वाचणार नाही.

भाड्यावरची चर्चा जुनी झाली. आज पागडीच्या इमारतीत पैसा जमिनीवर किती बांधता येतं यात आहे, भाड्यात नाही. १९९१ च्या नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, शहरात १.३३ आणि उपनगरात १. हा मुंबईने स्वतःच्या गळ्याला घातलेला फास, कारण माणसं वाढत गेली आणि मजले नाहीत. उपकरप्राप्त इमारतींसाठी नियम ३३(७) खाली वेगळी सूट आहे: आता ३ एफएसआय, किंवा पुनर्वसनाला लागेल तेवढं अधिक त्यावर ५० टक्के, यातलं जास्त असेल ते. भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट. त्यावर ३५ टक्के फंजिबल (एफएसआयच्या वर मिळणारं जादा क्षेत्र) धरलं की ४०५. बिल्डरच्या माहितीपत्रकात ४०५ हा आकडा दिसला तर तो त्याचा मोठेपणा नाही, नियमच आहे.

आता गिरगावातला नेहमीचा प्लॉट घ्या: ६०० चौरस मीटर, ३० भाडेकरू. ३ एफएसआयने १८०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १९,४०० चौरस फूट बांधकाम. त्यातलं निम्म्याहून जास्त भाडेकरूंना जातं. उरलेल्यात बिल्डरने बांधकाम, काम चालू असताना बाहेर राहायचं तीन-चार वर्षांचं प्रत्येकाचं ट्रान्झिट भाडं, कॉर्पस (भाडेकरूंसाठी ठेवायचा निधी), मालकाचा वाटा, सरकारचे प्रीमियम आणि व्याज काढायचं. गल्ली सहा मीटरची, अग्निशमन दलाला मोकळी जागा हवी, गाड्यांना पार्किंग हवं. म्हणून एकट्या प्लॉटला कोणी येत नाही. आणि वरच्या मजल्यावरचे कोणी एक काका अडून बसतात की शेजारच्या इमारतीला ५५० मिळालं, आम्हाला ४०५ का. शेजारचा प्लॉट दोन हजार मीटरचा होता हे काकांना पटत नाही.

आणखी एक. प्रत्येक जादा चौरस फुटावर महापालिका आणि सरकार रेडी रेकनरच्या (सरकारी जमीनदरांच्या तक्त्याच्या) हिशेबाने प्रीमियम, म्हणजे जादा बांधायची फी, घेतात. जानेवारी २०२१ मध्ये वर्षभरासाठी हे प्रीमियम निम्मे केले, तर प्रस्तावांची रीघ लागली. यावरून काय ते समजा. आपण घरं महाग म्हणून सरकारकडे दाद मागतो आणि सरकारची तिजोरी त्याच महाग जमिनीवर भरते. जो किमती उतरवणार, त्याचंच उत्पन्न उतरणार.

---

अकरामहिने

@चटईक्षेत्र, म्हणजे एफएसआय वाढवला की घरं स्वस्त होतात, असं म्हणायचंय का? परळ-लोअर परळला गिरण्यांच्या जागी ५०-६० मजले उभे राहिलेत. मला त्यातलं एकही परवडत नाही.

---

चटईक्षेत्र

चांगलं पकडलंत. नाही, एका प्लॉटवर वाढवून होत नाही. तिथे वाढलेला एफएसआय थेट जमिनीच्या भावात जिरतो, बिल्डर तेवढी जास्त बोली लावतो. सगळीकडे एकदम वाढला आणि बरोबर रस्ते-पाणी-रेल्वेही वाढली तर हळूहळू फरक पडतो. ऑकलंडने २०१६ मध्ये शहराच्या मोठ्या भागात एकाच वेळी जास्त घरं बांधायला मोकळीक दिली आणि बांधकाम खरंच वाढलं. आपण इमारत बघून, फाइल बघून, माणूस बघून सूट देतो. गिरण्यांचं तर सगळंच निराळं: १९९१ मध्ये एक-तृतीयांश जमीन बागा-मैदानांना, एक-तृतीयांश म्हाडाला असा नियम होता. २००१ मध्ये "जमीन" या शब्दाचा अर्थच "मोकळी जमीन", म्हणजे जिच्यावर इमारत नाही तेवढीच, असा करून टाकला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तोच टिकला. एका विशेषणाची किंमत किती असते ते लोअर परळला उभं राहून बघा.

---

गिरगावकर_हल्ली_डोंबिवली

एका विशेषणाची किंमत! हे लिहून ठेवतो.

अकरामहिने, तुमच्या पोस्टनंतर काही वेळ गप्प बसलो. मी धागा काढला तेव्हा तुमचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, खरं सांगतो. पण २१२ रुपयांतून मी मजा मारतोय असंही नाही. बाबा तिथे राहतात ते भाडं स्वस्त म्हणून कमी आणि खोली सोडली तर हक्क जाईल म्हणून जास्त. त्यांचे गुडघे गेलेत. डोंबिवलीला लिफ्ट आहे, सून आहे, नात आहे. पण पुनर्विकासाच्या यादीत नाव लागेपर्यंत हलायचं नाही, असा चाळीतला अलिखित नियम. त्या १८० चौरस फुटांना बाबा राखण बसलेत असं म्हणा.

---

चौथीपिढी

राखण आम्हीही बसलोय. फक्त गुडघे अजून शाबूत आहेत.

---

दूधभट्टी

फाटे फुटायच्या आधी कोणीतरी माणसं मेल्याचंही लिहा. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली, ३० हून जास्त गेले. जुलै २०१९ ला डोंगरीत. भेंडीबाजारात तर समूह पुनर्विकासाचं काम चालू होतं, २५० च्या आसपास इमारतींचं, आणि तरी ती एक पडली. जिथे एकाही इमारतीचं काम सुरू नाही तिथे काय?

धोकादायक म्हणून नोटीस आली की भाडेकरू घाबरतो ते पडण्याला नाही. संक्रमण शिबिरात गेलेले वीस-पंचवीस वर्षं तिथेच आहेत, ही उदाहरणं त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. माझी आत्या प्रतीक्षानगरला शिबिरात गेली, तिचा नातू तिथेच बारावी झाला.

---

ठाकुरद्वारचे_आजोबा

वरळीला बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ जणांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून. शंभर वर्षांच्या चाळी त्या. तिथे जमीन सरकारची, म्हणून दोनच पक्ष होते. आमच्या गिरगावात सरकार, मालक, अकरा वारस, भाडेकरू, पोटभाडेकरू आणि बिल्डर. पंगतीला एवढे जण आणि वाढपी कोणी नाही.

---

बाकडेकर

आजोबा, आणि पंगतीबाहेर अकरामहिने ताई उभ्या.

---

अकरामहिने

ताई नको, पंगतीत जागा करा.

गंमत सोडा. गिरगावकर, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर देते. जिना कोणी दुरुस्त करायचा? तुम्ही आणि मालकांनी आधी एकमेकांना विकत घ्यायचं. भाडेकरूला जमिनीचा तुकडा, मालकाला बांधायचा हक्क, काय ते आकड्यांत ठरवा आणि कागदावर आणा. ते होत नाही तोवर जे मोकळं पडलंय ते बाजारात येणार नाही आणि माझं भाडं उतरणार नाही. आणि कृपा करून भाड्याने राहणाऱ्यांना तीन-तीन, पाच-पाच वर्षांचा करार मिळेल असं काहीतरी मागा. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केलाय, पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यावर सोडलंय.

---

चौथीपिढी

@अकरामहिने, आकडा सांगा, आत्ता सही करते. अकरापैकी नऊ वारस करतील. दहावा अमेरिकेत आहे, अकरावा कोणाशीच बोलत नाही.

---

गिरगावकर_हल्ली_डोंबिवली

धागा वर आणतोय, कारण दोन गोष्टी घडल्या.

परवा चाळीच्या गच्चीवर मिटिंग झाली. पायरीचा विषय मी काढला. अर्धा तास चर्चा झाली की पायरी बसवली तर "दुरुस्ती भाडेकरूंनी केली" असं होईल आणि उद्या कोर्टात ते आपल्या विरुद्ध जाईल की बाजूने. एका वकिलांच्या मुलाने दोन्ही बाजू मांडल्या. मग कोणाच्या तरी मोबाइलवर क्रिकेट सुरू झालं.

दुसरं. आमच्या मालकांनी गेल्या वर्षापासून भाडं घेणं बंद केलंय. थकबाकीदार ठरू नये म्हणून बाबा दर महिन्याला पोस्टात जाऊन मनीऑर्डर करतात. ती परत येते, "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन. बाबांनी त्या सगळ्या पावत्या लग्नपत्रिकेच्या एका जुन्या पाकिटात ठेवल्यात, तारीखवार. काल मोजल्या, १४ भरल्या. या महिन्याची भरायला ते उद्या सकाळी जाणार आहेत. मी म्हटलं मी भरतो, तुम्ही जिना उतरू नका. तर म्हणाले, "तुझं नाव पावतीवर नाही."